रोग्याचें गुपित आणि त्याचे पहारेकरी

मनुष्य आपल्या आयुष्यांतील कित्येक गोष्टी आईबापांपासून लपवितो, मित्रांपासून लपवितो. परंतु वैद्यापुढें बसला म्हणजे त्याला त्या सांगाव्याच लागतात. न सांगेल तर रोगाचें मूळ सांपडावयाचें नाहीं. म्हणूनच ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नांवानें चालत आलेल्या प्राचीन शपथेंत, रोग्याविषयीं जें कांहीं ऐकलें वा पाहिलें तें बाहेर बोलणार नाहीं, असें वचन वैद्यास द्यावें लागे. पूर्वीं वैद्यानें आपली जीभ आवरली कीं हें वचन पाळलें जाई. आतां तेवढ्यानें भागत नाहीं. रोग्याचें नांव, त्याच्या रक्ताची तपासणी, त्याचीं औषधें, त्यानें डॉक्टरांजवळ उघड केलेलें दुःख, हें सर्व संगणकांत सांठविलें जातें. आणि संगणकास जीभ नसली तरी दरवाजे पुष्कळ असतात. ते कसे राखावे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

या कामीं केवळ सदिच्छा पुरत नाहीं असें पाहून अनेक राष्ट्रांनीं कायदे केले आहेत. युरोपीय संघानें २०१६ सालीं माहितीच्या संरक्षणाची एक सर्वसाधारण नियमावली संमत केली व ती २५ मे २०१८ पासून अमलांत आली. तींत आरोग्यविषयक माहितीस विशेष संरक्षणाच्या वर्गांत घातलें आहे. ज्याच्या हातीं अशी माहिती असेल त्यानें धोक्याच्या मानानें बंदोबस्त करावा. योग्य तेथें ती सांकेतिक रूपांत ठेवावी. अपघात झाल्यास ती पुन्हां उपलब्ध करून देण्याची तजवीज ठेवावी. आणि आपला बंदोबस्त खरोखर टिकतो कीं नाहीं हें वेळोवेळीं पडताळून पाहावें, असें ती सांगते. माहिती चोरीस गेल्यास, तें कळल्यापासून शक्यतों ७२ तासांच्या आंत देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यास कळविलें पाहिजे, आणि लोकांस मोठा धोका असेल तर त्यांसही.

नियम इतके स्पष्ट असूनहि ते न पाळल्यास काय होतें, याचें उदाहरण फिनलंड देशांत घडलें. तेथें वास्तामो नांवाची एक खाजगी संस्था मानसोपचार करीत असे. भीतीनें, शोकानें, घरच्या कलहानें त्रासलेलीं माणसें तेथें येत, व तीं मन मोकळें करून जें सांगत तें उपचारक टिपून ठेवीत. या टिपणांचा संग्रह ज्या संगणकावर होता तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून २०१९ च्या मार्चपर्यंत इंटरनेटच्या बाजूनें उघडाच राहिला. त्याच्या मुख्य खात्यास परवलीचा शब्द, ज्यास आपण पासवर्ड म्हणतों, तो मुळींच नव्हता! त्या वाटेनें चोर आंत शिरले. पुढें २०२० च्या सप्टेंबरांत सुमारे ३३,००० रोग्यांचीं टिपणें आपल्या हातीं आहेत असें सांगून एकानें संस्थेकडे खंडणी मागितली. ती मिळेना, तेव्हां त्यानें टिपणें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. आणि नंतर खुद्द रोग्यांसच पत्रें धाडून प्रत्येकाकडे २०० युरो मागितले. २४ तासांत न दिल्यास ५००. ज्या माणसांनीं धीर एकवटून आपलें दुःख एकदां सांगितलें, त्यांवर तें जगापुढें मांडलें जाण्याची पाळी आली. सुरक्षिततेंत कसूर केल्याबद्दल व चोरी वेळेवर न कळविल्याबद्दल २०२१ च्या डिसेंबरांत संस्थेस ६,०८,००० युरो दंड झाला. परंतु तत्पूर्वींच तिचें दिवाळें निघालें होतें. पैसा गेला तर तो पुन्हां मिळवितां येतो. बाहेर पडलेलें गुपित मात्र कोणत्याहि दंडानें परत आंत जात नाहीं.

आतां हे पहारेकरी कोण, तें पाहूं. पहिला पहारेकरी म्हणजे दरवाजावरील शिपाई. संगणकशास्त्रांत यास फायरवॉल म्हणतात. ओळखीच्या वाटेनें येणाऱ्यासच तो आंत सोडतो, इतरांस बाहेरच थोपवितो.

दुसरा पहारेकरी ओळखीची खूण. परवलीचा शब्द अवघड असावा हें तर खरेंच. पण तो चोरीस जाऊं शकतो, म्हणून त्याच्या जोडीला दुसरी खूण, जसें मोबाइलवर येणारा तात्पुरता आंकडा, मागितली पाहिजे. अमेरिकेंत विम्याचे व औषधोपचारांच्या बिलांचे व्यवहार पाहणाऱ्या चेंज हेल्थकेअर या कंपनींत २०२४ च्या फेब्रुवारींत चोर शिरले, ते चोरलेल्या परवलीच्या शब्दानें. त्या दारावर दुसरी खूण विचारण्याची सोयच नव्हती.

तिसरा पहारेकरी सांकेतिक लेखन, म्हणजे एन्क्रिप्शन. माहिती अशा रूपांत ठेवावयाची कीं, चोरानें पेटी उचलून नेली तरी किल्लीवांचून त्याला एक अक्षरहि वाचतां येऊं नये. मात्र किल्ली पेटीजवळच टांगून ठेवणें व्यर्थ होय.

चौथा पहारेकरी मर्यादा व नोंद. नांव लिहून घेणाऱ्या कारकुनास रोग्याच्या मनाचें टिपण दिसण्याचें कारण नाहीं. ज्याला जेवढें काम, तेवढेंच त्याला उघडतां यावें. आणि कोणी, केव्हां, काय उघडलें याची नोंद आपोआप होत असावी. नोंद नसेल तर चोर येऊन गेला हेंहि घरधन्यास कळत नाहीं.

पांचवा पहारेकरी डागडुजी व दुसरी प्रत. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाच्या संगणक-किड्यानें इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेंतील अनेक रुग्णालयांचें काम ठप्प केलें. ज्या छिद्रांतून तो शिरला तें बुजविण्याचें साधन मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच, म्हणजे जवळजवळ दोन महिने अगोदर, दिलें होतें. तें लावावयाचें राहिलें. आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला होऊन कित्येक दिवस काम कागदावर हातानें चालवावें लागलें. मूळ दप्तर बिघडल्यास उपयोगी पडेल अशी प्रत निराळ्या, इंटरनेटपासून तुटलेल्या जागीं ठेवावी, आणि तिजवरून काम पुन्हां सुरू होतें कीं नाहीं तें अधूनमधून करून पाहावें.

भारतांतहि २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी व्यवस्था न ठेवणाऱ्यास २५० कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे. परंतु वरील सर्व उदाहरणांत एक गोष्ट दिसून येईल. कोठेंहि कायदा अपुरा पडला म्हणून घात झाला नाहीं. कोणी परवलीचा शब्द घातला नाहीं, कोणी छिद्र बुजविलें नाहीं, कोणी दुसरी खूण मागितली नाहीं. आळसाच्या अशा लहान लहान गोष्टींनींच मोठे वाडे उघडे पडले.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें डॉक्टर होतील, कोणी परिचारिका, कोणी रुग्णालयाचें दप्तर राखणारे. त्या दिवशीं हें स्मरण असूं द्या कीं, संगणकावरील प्रत्येक ओळीच्या मागें विश्वासानें बोललेला एक मनुष्य आहे. तोंवर घरांतील आजाऱ्याचा तपासणीचा कागद मोबाइलवरून कोणास धाडण्यापूर्वीं त्याची परवानगी विचारण्याची संवय तरी आजपासून लावून घ्यावी. हिपॉक्रेटिसाचें वचन पाळण्याचा आरंभ एवढ्यापासूनच होतो.