शहरातलं तुकड्यांचं रान

दिवाळीच्या सुट्टीत मी कोल्हापूरला मामांच्याकडे गेलो होतो. आपल्याला वाटतं, रानपाखरं बघायची तर राधानगरी, दाजीपूरलाच जावं. शहरात काय, कावळे नि पारवे! पण मामांनी मला टाऊन हॉलच्या बागेत अर्धा तास गप्प बसवलं. तेवढ्यात बुलबुल, शिंजीर, शिंपी, दयाळ आणि तांबट असे पाच पक्षी दिसले. तांबट आधी ऐकूच आला. टुक् टुक् टुक्, जणू कोणी तांब्याचं भांडं ठोकतंय.

मामा म्हणाले, शहरातलं रान सलग नसतं, तुकड्यांत असतं. ही बाग एक तुकडा, शिवाजी विद्यापीठाचा परिसर मोठा तुकडा, परसातली जास्वंद हाही तुकडाच. लहान पाखरांना उघड्यावरून लांब उडायचा धीर होत नाही, कारण शिक्रा झडप घालतो. म्हणून ती झाडाझाडावरून पुढं सरकतात. ओढा ओलांडताना आपण दगडादगडावरून जातो ना, तसंच. मधला दगड काढला की माणूस अलीकडंच राहतो. मामांच्या गल्लीच्या तोंडाची तीन झाडं तोडली, तेव्हापासून जास्वंदीवर शिंजीर क्वचितच येतो, असं मामी सांगत होत्या.

शिंपी मात्र त्यांच्या परसात अजून आहे. त्याला थोडी झुडपं पुरतात. चोचीनं पानांना भोकं पाडून, कापसाच्या नाहीतर कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यानं तो पानं शिवतो आणि आत घरटं करतो. तांबटाचं तसं नाही. त्याला वड, पिंपळ, उंबराची फळं लागतात, आणि ढोली कोरायला वाळकी, मऊ पडलेली फांदी. नवी रोपं कितीही लावा, त्यांना तशी फांदी यायला वर्षानुवर्षं लागतात. हे मला आधी ठाऊकच नव्हतं. वाळकी फांदी म्हणजे जळण, एवढंच माहीत!

गावी आल्यावर पहिल्यांदा शाळेचा उंबर बघितला. ओढ्याकडच्या वाळक्या फांदीला खालच्या अंगाला लिंबाएवढं गोल भोक आहे. दिवस मावळताना त्यात तांबट शिरला. विणीचे दिवस नसले तरी तो रात्री ढोलीतच झोपतो. ती फांदी या महिन्यात तोडायची ठरली आहे. ती वाटेवर येत नाही, खाली कोणी खेळतही नाही. म्हणून आम्ही सातवीच्या मुलांनी मुख्याध्यापकांना अर्ज दिला आहे. गुरुजी म्हणाले, "सोमवारी झाडाखाली येऊन बघतो."

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी