हौशी शर्यत आणि टायरचा हिशेब

मोटारीचे इंजिन कितीही शक्तिशाली असो आणि ब्रेक कितीही उत्तम असोत, रस्त्याशी तिचा प्रत्यक्ष संबंध येतो तो चार टायरांच्या तळाशी, प्रत्येकी हाताच्या तळव्याएवढ्या जागेत. वेग घेणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे तेवढ्याच जागेने करावयाची असतात. वळणावर जी पकड खर्ची पडते ती त्याच क्षणी ब्रेकला मिळत नाही. खात्यात शिल्लक एकच आणि धनादेश मात्र तीन, अशी ही अवस्था असते. म्हणून हौशी शर्यतीत उतरणाऱ्याने मोटारीवर पैसा घालावयाचा झाल्यास आधी टायरांकडे पाहावे, हे खरेच आहे. परंतु हा विचार बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. ‘सर्वांत वेगवान टायर कोणता?’ असे विचारले जाते. ‘तो कोठे, किती वेळ आणि किती दिवस वापरावयाचा आहे?’ हे मात्र विचारायचे राहून जाते.

या छंदाचे सर्वांत विस्तृत रूप अमेरिकेत दिसते. तेथील ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था १९४४ सालची. तिचा ‘ऑटोक्रॉस’ हा प्रकार सामान्य नोकरदारालाही परवडणारा आहे. वाहनतळावर किंवा विमानतळाच्या मोकळ्या धावपट्टीवर प्लास्टिकचे शंकू मांडून नागमोडी मार्ग आखतात आणि एका वेळी एकेक मोटार घड्याळाच्या काट्याशी स्पर्धा करते. एक फेरी सुमारे मिनिटभराची. शंकू पडला की वेळेत दोन सेकंदांची भर. नोकरी-शिक्षणानिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या आपल्याकडील एखाद्या तरुणाने माझ्दा एमएक्स-५ सारखी छोटी दोनआसनी गाडी घेतली, की रविवारी तो अशा मैदानावर जाऊन पोहोचणे नवलाचे नाही. १९८९ साली बाजारात आलेली, एक टनाहून किंचित अधिक वजनाची, मागील चाकांवर चालणारी ही गाडी तेथील हौशी मंडळींची फार आवडती आहे. इकडे घरच्यांना चिंता पडते ती दोन गोष्टींची, जिवाची आणि पैशाची. टायरचा प्रश्न या दोन्हींशी निगडित आहे.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरावर झिजेचा एक अंक छापलेला असतो. टेक्सासमधील ठरावीक मार्गावर ७,२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर, टायर चालवून त्याची झीज एका प्रमाण टायरशी ताडून पाहतात. प्रमाण टायर १०० धरला, तर २०० अंकाचा टायर त्याच्या दुप्पट टिकावा अशी अपेक्षा असते. मात्र हा अंक कंपनी स्वतःच ठरवून छापते. कर्जदाराने आपले पतमानांकन स्वतःच लिहून आणावे तसा हा प्रकार असून, बँकेच्या व्यवहारात त्याला कोणी थारा दिला नसता. पकडीसाठीही एए, ए, बी, सी अशी अक्षरे असतात; पण ती ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरविलेली असल्याने वळणावरील पकडीविषयी त्यांतून काहीच कळत नाही.

खर्च आटोक्यात राहावा आणि चार दिवसांत संपणाऱ्या अतिमऊ टायरांना आळा बसावा, या हेतूने ऑटोक्रॉसच्या साध्या गाड्यांच्या वर्गात झिजेचा अंक किमान २०० असण्याची अट आहे. हूजिअर ए७ सारख्या ४० अंकाच्या टायराला तेथे प्रवेश नाही. पण नियम आला की पळवाटही आलीच. कंपन्यांनी शर्यतीच्या तोडीची पकड देणारे टायर तयार केले आणि त्यांवर बरोबर २०० हाच अंक छापला. ब्रिजस्टोनचा पोटेंझा आरई-७१आरएस, योकोहामाचा अॅडव्हान ए०५२ आणि हँकूकचा व्हेंटस आरएस४ हे तिन्ही टायर कागदोपत्री २०० चे. मैदानावरचा त्यांचा स्वभाव मात्र निरनिराळा.

हा फरक मुख्यत्वे उष्णतेचा आहे. प्रत्येक रबराची एक तापमानमर्यादा असते. तिच्याखाली ते कडक राहते आणि तिच्यावर गेले की पकड सोडू लागते. मिनिटभराच्या फेरीत टायरला तापायला वेळच मिळत नाही, म्हणून तेथे थंडपणीच चिकटणारा ए०५२ सारखा टायर सरस ठरतो. तो इतक्या लवकर तापतो, की एकच गाडी दोघे जण आलटून पालटून चालवीत असतील तर दोन फेऱ्यांच्या मध्ये टायरांवर पाण्याचे फवारे मारावे लागतात. तोच टायर बंदिस्त सर्किटवर सलग वीस मिनिटे पळविला, तर मध्येच पकड ढिली पडते आणि कडा भराभर झिजतात. तेथे सावकाश तापणारा पण दीर्घकाळ टिकणारा आरएस४ अधिक कामाचा. ऑटोक्रॉसमध्ये अजिंक्य ठरलेला टायर म्हणून तो सर्किटसाठी घेणे, म्हणजे लग्नसराईतील खपाच्या भरवशावर चातुर्मासासाठी माल भरण्यासारखेच झाले.

नवशिक्याला तर या तिघांपैकी एकाचीही गरज नाही. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस सारखा, झिजेचा अंक ३०० असलेला चांगला उन्हाळी टायर पहिल्या वर्षी पुरेसा होतो. तो निसटण्यापूर्वी कुरकुरतो आणि हळूहळू सरकतो, म्हणजे चालकाला आगाऊ सूचना मिळते. अतिचिकट टायर चालकाच्या चुका पोटात घालतो आणि पकड सुटते तेव्हा वेगही अधिक असतो. शिकण्याचा काळ मध्यम पकडीच्या टायरांवर काढणे यात काटकसर आहेच, पण त्याहून अधिक त्यात सुरक्षितता आहे.

आता खर्चाचा हिशेब. समजा, एक संच ९०० डॉलरचा असून त्याची धार ६० फेऱ्यांत संपते. दुसरा ८०० डॉलरचा असून २०० फेऱ्या टिकतो. पहिल्याचा घसारा फेरीमागे १५ डॉलर, दुसऱ्याचा ४. खरेदीच्या दिवशी १०० डॉलरचा वाटणारा फरक वापरात जवळजवळ चौपट होतो. त्यातच मऊ टायरवर रोज कचेरीला जाणे म्हणजे मुद्दल रस्त्यावर सांडणे होय. यास्तव अनेक जण शर्यतीच्या टायरांचा रिमसह वेगळा संच ठेवतात. एमएक्स-५ च्या डिकीत तो मावत नाही, म्हणून गाडीमागे छोटी ट्रॉली जोडून नेतात. वेगळ्या संचाचा दुसरा लाभ परतीच्या वाटेवर दिसतो. शर्यतीच्या टायरांची नक्षी नव्यातही उथळ असते आणि झिजल्यावर मुसळधार पावसात ते पाण्यावर तरंगू लागतात. पारा ७ अंशांच्या खाली गेला तर उन्हाळी रबर कडक होते. अशा दिवशी मैदानापेक्षा घरी परतण्याचा महामार्ग अधिक धोक्याचा असतो.

माप निवडताना २०५/४५आर१७ अशा खुणेतील पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण आणि तिसरा रिमचा इंचांतील व्यास दाखवितो. भारांक मोटार कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नसावा. पुढे नवे चिकट आणि मागे जुने गोटा झालेले टायर अशी जोडी कधीही लावू नये. वळणावर गाडीची शेपटी फिरते. शर्यतीत टायर तापला की हवेचा दाब सहा-आठ पौंडांनी सहज चढतो, म्हणून फेरीनंतर दाब मोजून तो कमी करतात. टायरच्या आतील, मधल्या व बाहेरील भागाचे तापमानही पाहतात. मधला भाग अधिक तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर हवा कमी. घरी निघण्यापूर्वी ती हवा पुन्हा भरून घ्यावी लागते आणि नेमके तेच पुष्कळांकडून राहून जाते.

आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई व कोइमतूर येथे असे सर्किट आहेत. मात्र भारतात विक्रीच्या टायरला आयएसआय चिन्ह आवश्यक असल्याने अमेरिकेतील यादी येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. शिवाय येथील खासगी मोटारीच्या विम्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. मैदानावर गाडी आपटली तर ते नुकसान घरच्याच तिजोरीतून भरावे लागते. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२० याचा अर्थ २०२० सालचा तेविसावा आठवडा. असा माल गोदामात न वापरता पडून राहिला असला तरी त्याचे रबर वयाने कडक झालेले असते, मग नक्षी कितीही कोरी दिसो.