अध्यापक-परिचयाची मध्यवर्ती नोंद आणि विभागांची संकेतस्थळे

विद्यापीठातील एकाच अध्यापकाचा परिचय किती ठिकाणी लिहिलेला असतो, हे एकदा मोजून पाहण्याजोगे आहे. आस्थापना शाखेच्या दप्तरात तो असतो. विद्यापीठाच्या मुख्य संकेतस्थळावर असतो. विभागाच्या पृष्ठावर असतो. एखाद्या आंतरविद्याशाखीय केंद्राशी संबंध असल्यास तेथेही असतो. आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी तो पुन्हा नव्याने भरून घेतला जातो. या सर्व परिचयांत निदान पदनाम तरी एकच आढळेल, अशी खात्री देता येत नाही. परिचय एका ठिकाणी ठेवावा आणि विभागांनी त्याची नक्कल न करता आपली संकेतस्थळे त्याच्याशी जोडून घ्यावीत, ही कल्पना यातूनच निघाली. जोडणे म्हणजे नेमके काय, आणि काय जोडता येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ यांहून अधिक संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत. आणि ज्यांच्या सेवानिवृत्तीस ३ वर्षांहून कमी अवधी उरला आहे, त्यांना नवा विद्यार्थी स्वीकारता येत नाही. म्हणजे मार्गदर्शक उपलब्ध आहेत किंवा नाहीत, हे पदनाम, निवृत्तीची तारीख आणि नोंदलेल्या विद्यार्थ्यांची संख्या यांवर अवलंबून राहते; आणि या तिन्ही गोष्टी विभागाचे पृष्ठ सांभाळणाऱ्यापाशी नसून विद्यापीठाच्या कार्यालयांत असतात. पृष्ठावरील यादी चार वर्षांपूर्वीची असेल, तर परगावचा विद्यार्थी तीच प्रमाण मानून संशोधनाचा आराखडा तयार करतो, आणि ज्यांच्या विषयास धरून तो लिहिला ते आता विद्यार्थी घेऊ शकत नाहीत, हे त्याला मुलाखतीच्या दिवशी कळते.

ज्या थोड्या संस्थांनी या प्रश्नाकडे लवकर लक्ष दिले, त्यांत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा उल्लेख केला पाहिजे. तेथील मान ग्रंथालयात २००३ साली ‘व्हिवो’ या प्रणालीचे काम सुरू झाले. त्या विद्यापीठात जीवशास्त्रांचे अध्यापक अनेक महाविद्यालयांत विखुरलेले आहेत. शिवाय तेथील पदव्युत्तर शिक्षण विभागवार न चालता ‘फील्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासक्षेत्रांत चालते, आणि एकच अध्यापक अशा अनेक क्षेत्रांचा सभासद असू शकतो. प्रत्येक क्षेत्राने आपली यादी आपणच लिहावयाची ठरविल्यास गोंधळ अटळ होता. पुढे २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडून अनुदान मिळाल्यावर फ्लोरिडा विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ७ संस्थांनी हे काम वाढविले. काम ग्रंथालयात सुरू व्हावे हे मला स्वाभाविक वाटते. ग्रंथकाराच्या नावाचे एक प्रमाणरूप ठरवून बाकीची रूपे त्याकडे वळविणे, हा ग्रंथपालांचा जुनाच व्यवसाय आहे.

व्हिवोमध्ये परिचय हा सलग मजकूर म्हणून साठविलेला नसतो. ‘अमुक व्यक्ती अमुक निबंधाची लेखक आहे’ अशा तीन अवयवांच्या लहान लहान विधानांचा तो समूह असतो. या मांडणीला आरडीएफ म्हणतात. त्यातही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे पद ही एक स्वतंत्र वस्तू मानली आहे. व्यक्ती थेट विभागाला जोडलेली नसते. व्यक्ती पदाला जोडलेली असते, पद विभागाला, आणि पदाला आरंभाची व समाप्तीची तारीख असते. ही रचना पत्करली की विभागाची अध्यापक-यादी कोणी लिहावयाची उरत नाही. ‘या विभागातील ज्या पदांची समाप्ती झालेली नाही ती दाखवा’ एवढा प्रश्न विचारला की यादी तयार होते. बढतीची नोंद केंद्रात एकदा झाली, की ती विभागाच्या आणि आंतरविद्याशाखीय केंद्राच्या अशा दोन्ही पृष्ठांवर दिसते.

प्रत्यक्ष जोडणीच्या रीती निरनिराळ्या आहेत. नावाखाली मध्यवर्ती परिचयाचा दुवा देणे ही सर्वांत साधी. तीत बिघडण्यासारखे फारसे काही नाही, पण वाचक विभागाच्या पृष्ठावरून बाहेर जातो. दुसरी रीत अशी की, वाचकाच्या ब्राउझरने आयत्या वेळी केंद्राकडून मजकूर आणावा. केंद्राचा सर्व्हर बंद पडला की अशा पृष्ठावर अध्यापकांच्या जागी कोरी चौकट उरते. तिसरी रीत मला अधिक भरवशाची वाटते: विभागाच्या सर्व्हरने दररोज रात्री केंद्राकडून माहिती घ्यावी, आपल्यापाशी ठेवावी, आणि ती कोणत्या तारखेची आहे हे पृष्ठावर छापावे. ही देखील एक प्रकारे नक्कलच आहे. परंतु हाताने दुरुस्त करता येत नाही अशी नक्कल आहे, आणि हाच तिचा गुण.

मात्र माणूस ओळखावयाचा कसा? कुलकर्णी किंवा चौधरी या आडनावांची रोमन लिपीतील रूपे अनेक. काही निबंधांवर केवळ आद्याक्षरे. विवाहानंतर नाव बदललेल्या अध्यापिकेचे निम्मे लेखन एका नावावर आणि निम्मे दुसऱ्या नावावर. २०१२ पासून दिला जाणारा ऑर्किड हा १६ स्थानांचा क्रमांक याच कारणासाठी आहे. त्याचे शेवटचे चिन्ह आधीच्या १५ अंकांवरून गणिताने काढलेले असल्यामुळे टंकनातील एखाद्या अंकाची चूक तत्काळ उघड होते. तथापि क्रमांक आहे म्हणून नोंद खरी, असे समजू नये. ब्राउन विद्यापीठात १९२९ पासून थट्टेखातर चालत आलेले, तडा गेलेल्या भांड्यांचे अभ्यासक जोसाया कारबेरी नावाचे काल्पनिक प्राध्यापक आहेत. त्यांनाही ऑर्किड क्रमांक आहे.

भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘विद्वान’ हा तज्ज्ञांचा माहितीसंच आणि त्यावर आधारलेली ‘आयरिन्स’ ही प्रणाली उभारली आहे. तीतून एखाद्या संस्थेच्या अध्यापकांचे परिचय एकत्र मिळतात. अशा प्रणालींत निबंधांची माहिती पुष्कळशी स्कोपससारख्या सूचींतून येते. मराठीतील ग्रंथ, कोशांतील नोंदी, नियतकालिकांतील लेख यांपैकी बहुतांश त्या सूचींत नसतात. परिणामी रसायनशास्त्राच्या अध्यापकाचा परिचय आपोआप भरत जातो, आणि मराठी किंवा इतिहास विभागातील अध्यापकाचा, त्याने आयुष्यभर लिहिलेले असूनही, जवळजवळ रिकामा दिसतो. विभागाने केवळ केंद्राकडून येईल तेवढेच दाखवावयाचे ठरविले, तर हा रितेपणा विभागाच्या स्वतःच्या पृष्ठावर येऊन बसेल. म्हणून पदनाम, तारखा व विद्यार्थिसंख्या यांत विभागाने हात घालू नये. पण मराठी लेखनाची सूची विभागाने सिद्ध करावी आणि ती आपल्या पृष्ठावर न ठेवता केंद्राच्या नोंदीतच भरावी, म्हणजे ती अन्यत्रही दिसेल. अध्यापकाचे संशोधन कोणत्या परंपरेत बसते, हे सांगणारी चार वाक्ये मात्र विभागाच्या पृष्ठावरच शोभतात. ती कोणत्याही माहितीसंचातून निघणार नाहीत.

निवृत्तीनंतर परिचय पुसून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. मध्यवर्ती नोंदीत ती चालू ठेवण्याचे कारण नाही. पदाला समाप्तीची तारीख पडली की नाव विभागाच्या चालू यादीतून आपोआप निघते. नोंद आणि तिचा पत्ता मात्र तसाच राहावयास हवा, कारण शोधगंगेवरील प्रबंधांत मार्गदर्शक म्हणून तेच नाव पुढेही वाचले जाणार असते.