तवशाचं धोंडस : पंगतीला न्यायचं गोड

सोसायटीच्या पॉटलकची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली की पहिल्या तासातच ‘गोड’ या सदरात सहा नावं पडतात आणि वरण-भाताची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. यात गूढ काही नाही. गोड आणायचं म्हणजे वाटेत दुकानापाशी गाडी थांबवून श्रीखंडाचे डबे उचलायचे, किंवा गुलाबजामचं पाकीट फोडायचं. मग टेबलावर तीन श्रीखंडं, दोन गुलाबजाम आणि एक कस्टर्ड शेजारी-शेजारी बसतात. सगळे थोडं-थोडं घेतात आणि घरी गेल्यावर कोणालाच काही आठवत नाही.

पॉटलकच्या गोडाबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि घरात ती कोणी फारशी ऐकून घेत नाही, म्हणून इथे मांडतो. ते हातात धरून खाता आलं पाहिजे, कारण ताटातल्या भाजीच्या रश्शाशेजारी पातळ बासुंदी ओतली की दोन्हींची माती होते. गार झाल्यावर बिघडता कामा नये. जिलबी तासाभरात मऊ पडते आणि तुपातला शिरा थिजून ढेकूळ होतो. आदल्या रात्री करून ठेवता आलं पाहिजे. एका भांड्यात वीस-पंचवीस माणसांचं झालं पाहिजे. अंडं न खाणारे आणि गहू चालत नाही म्हणणारे असे दोघंही हल्ली प्रत्येक घोळक्यात असतात, त्यांनाही ते चालावं. आणि खाणाऱ्याने ‘हे काय आहे?’ असं विचारावं. ही शेवटची अट माझ्या हौसेची आहे, पण ती मी सोडणार नाही.

या सगळ्या अटींत बसणारा एक पदार्थ कोकणात पिढ्यान्‌पिढ्या होतो आहे. मालवणाकडे त्याला तवसोळी म्हणतात, गोव्यात तवसळी, आणि कोकणात बऱ्याच घरांत नुसतं धोंडस. तवसं म्हणजे पावसाळ्यातली मोठी जून काकडी. ती, तांदळाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं हे एकत्र शिजवून, भाजून त्याच्या वड्या पाडायच्या. काकडीचा केक म्हटलं की शहरातली माणसं नाक मुरडतात, म्हणून मी आधी नाव सांगतच नाही.

दिवाळी अंकातल्या लेखाला थोडी पार्श्वभूमी लागते, ती उरकून टाकतो. प्रत्येकाने आपल्या घरचं आणायचं आणि एकत्र बसून खायचं हे आपल्याला अमेरिकेने शिकवलेलं नाही. गोपाळकाल्याची सगळी कथाच सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवण्याची आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली बसून जेवायचं आवळीभोजन आहे, शाळेतली अंगतपंगत आहे, ऑफिसातली डबा पार्टी आहे. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी, त्यांत लंडनचं १९३२ सालचं, हीच रीत हॉल भाड्याने घेऊन चालू ठेवली. झाली पार्श्वभूमी. आता तवशाकडे वळू.

बाजारात बारा महिने मिळणारी, बोटभर जाडीची हिरवीगार काकडी डोळ्यांपुढे आणू नका. तवसं हातभर लांब होऊ शकतं, मांडीएवढं जाड होतं, आणि वेलीवर पिकू दिलं तर हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तांबूस होत जातं. सालीवर बारीक जाळी पडते. आतला गर पांढरा आणि घट्ट असतो, बियांभोवतीचा लिबलिबीत भाग आंबटसर. कोवळं असताना ते मीठ-तिखट लावून खातात, कोशिंबिरीत घालतात. जून झालं की त्याची खरी कामं सुरू होतात : सांबार, रस आणि धोंडस. पावसाळा सरताना उतरवलेली जून तवशी सुंभाने किंवा माडाच्या झावळीच्या पात्यांनी बांधून आढ्याला, वाशाला टांगून ठेवायची पद्धत कोकणात आणि गोव्यात आहे. हवेशीर जागी ती महिनोन्‌महिने टिकतात. माझ्या आजोळी, वेंगुर्ल्याच्या बाजूला, माजघरात मान वर केली की ओळीने लटकलेली तवशी दिसायची आणि खालून जाताना आम्ही मुलं उगाच डोकं वाकवायचो.

गोव्यात गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी बांधतात, त्या लाकडी चौकटीला रानातली फळं, सुपाऱ्यांचे घोस, नारळ यांच्यासोबत तवशीही टांगलेली असतात. माटोळी नीट पाहायची असेल तर अंत्रुज महालातल्या घरांत जावं. तिथे यजमान गणपतीच्या आधी माटोळीच दाखवतो.

तवशाचा खरा सण मात्र गोव्यात चर्चमध्ये होतो. जुन्या गोव्यापासून फार लांब नसलेलं तळावली नावाचं गाव आहे, तिसवाडी तालुक्यात. तिथे सतराव्या शतकाच्या अखेरीस उभं राहिलेलं सेंट अ‍ॅनचं प्रचंड पांढरं चर्च आहे. सेंट अ‍ॅन ही मेरीची आई. तिला मूल उतारवयात झालं अशी श्रद्धा, म्हणून मूल हवं असलेली जोडपी तिच्याकडे येतात आणि तिला तवसं वाहतात. तिचा दिवस २६ जुलैचा. त्या सुमाराला भरणाऱ्या या फेस्ताला लोक ‘तवशाचें फेस्त’ म्हणूनच ओळखतात. पोर्तुगीजमध्ये काकडीला ‘पेपिनो’ आणि बाळाला ‘मेनिनो’, त्यामुळे नवसाला आपोआप यमकही मिळालं. येणाऱ्यांत हिंदूही असतात. मी गेलो तो दिवस धो-धो पावसाचा होता. आत वेदीपाशी तवशांचा ढीग लागलेला आणि बाहेर छत्रीखाली बसलेल्या बायका तवशी विकत होत्या. मी एक घेतलं. माझ्या वयाकडे पाहून विकणारी बाई नुसती हसली. तिला धोंडसाचं सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग हें न्हय, पिकिल्लें व्हर.’ बरोबरच होतं तिचं. जुलैतली तवशी कोवळी असतात. धोंडसाला भाद्रपदानंतरचं जून तवसं हवं.

एवढ्या लांब आलोच आहोत तर आणखी थोडं. काकडी ही मूळची आपल्या देशातली. तिचा रानटी पूर्वज अजूनही हिमालयाच्या पायथ्याशी सापडतो. त्याची फळं लहान आणि विखारी कडू. माणसाने हजारो वर्षं निवड करत तो कडूपणा कमी केला, पण तो पुरता गेला नाही आणि अधूनमधून उसळी मारतो. महामृत्युंजय मंत्रात जे फळ पिकल्यावर देठापासून अलगद सुटतं, ते ‘उर्वारुक’ काकडीच्याच कुळातलं. वेलीवर पिकलेलं तवसं नुसत्या हाताच्या आधाराने निघून येताना पाहिलेल्या माणसाला त्या मंत्रातली उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कडूपणाचा विषय निघाला आहे तर तो पुरा करू, कारण धोंडस बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. कुकर्बिटासिन नावाची द्रव्यं या कडूपणाच्या मुळाशी असतात. ती देठाच्या टोकाला आणि सालीलगत जास्त साठतात, आणि वेलीला पाण्याची ओढ बसली की वाढतात. टोक कापून ते काकडीवर घासून फेस काढण्याची रीत घराघरांत आहे. माझा तिच्यावर विश्वास नाही, उपयोग होतो तो देठाकडचा भाग जाडसर कापून टाकण्याचा. मग मधल्या भागाची एक चकती चाखायची, ही पायरी कधीच गाळू नये. कडू लागलं तर ते तवसं सरळ टाकून द्या. गुळाने आणि शिजवण्याने हा कडूपणा हटत नाही आणि फार कडू काकडीने पोटही बिघडतं.

आता कृती. वीस-पंचवीस वड्यांचं प्रमाण सांगतो. तवसं सोलून, बिया आणि मऊ गाभा काढून किसावं. पाणी न पिळता चार वाट्या कीस घ्यावा. धोंडसात वेगळं पाणी पडतच नाही, काकडीच्या पाण्यातच रवा फुगतो, म्हणून तो रस फेकणं म्हणजे पदार्थाचा जीव काढून टाकणं. दोन वाट्या तांदळाचा रवा. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, जाडसर दळून घरी केलेला असेल तर उत्तम, नाहीतर इडलीचा रवा चालतो. दीड वाटी चिरलेला गूळ, एक वाटी ओलं खोबरं, तीन-चार चमचे तूप, पाव चमचा मीठ, वेलदोडा. रवा तुपावर मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून बाजूला ठेवायचा. जाड बुडाच्या भांड्यात कीस आणि गूळ एकत्र करून उकळी आणायची. गूळ विरघळून सगळं सैल झालं की हलवत-हलवत रवा सोडायचा, खोबरं, मीठ आणि वेलदोडा घालायचा आणि झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ काढायची. जुनं, टांगून ठेवलेलं तवसं असेल तर त्यात पाणी कमी निघतं. मिश्रण कोरडं वाटलं तर नारळाचं दूध शिंपडावं.

पूर्वी याच भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवायचे आणि खालीही मंद निखारे. वरून-खालून आच लागून दोन्ही बाजूंना तांबूस कवच धरायचं, आत मऊ राहायचं. कडेची ती खरपूस पट्टी कोणाला मिळणार यावरून आमच्याकडे भांडणं झालेली आहेत. आज ओव्हन असेल तर तूप लावलेल्या दहा इंची भांड्यात मिश्रण थापून १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं भाजावं. ओव्हन नसेल तर गॅसवर तवा, तव्यावर भांडं, घट्ट झाकण आणि अगदी बारीक आच, अर्धा-पाऊण तास. गोव्याकडे बरेच जण भाजत नाहीत, वाफवतात, आणि तळाशी हळदीचं पान घालतात. हळदीच्या पानाचा वास हा या पदार्थाचा अर्धा आनंद आहे. पान मिळत असेल तर वेलदोडा घालू नका, दोन्ही वास एकमेकांच्या पायात पाय घालतात. जायफळ तर नकोच. खाण्याचा सोडा घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या घरचं धोंडस खात नाही इतकंच.

गुळाबद्दलही हट्ट आहे. पिवळ्याधमक गुळाचं धोंडस फिकं आणि नुसतं गोड होतं. काळपट, न उजळवलेला गूळ घ्या. गोव्यातून कोणी येणार असेल तर माडाचा गूळ मागवा. सुरीच्या टोकाने तोडावे लागणारे ते काळे मनोरे. त्याला किंचित धुराचा वास असतो आणि काकडीच्या सौम्य चवीला तो उठाव देतो.

पॉटलकसाठी सर्वांत महत्त्वाचं शेवटी सांगतो : धोंडस गरम कापू नये. तांदळातला स्टार्च शिजताना पाणी पिऊन फुगतो आणि निवताना पुन्हा बांधला जातो, तेव्हाच वडी नीट पडते. म्हणून रात्री करून, झाकून, सकाळी कापावं. थंडीच्या दिवसांत ते बाहेर रात्रभर छान राहतं. उकाड्यात ओल्या खोबऱ्याचा भरवसा नाही, तेव्हा दुपारच्या पंगतीसाठी पहाटे केलेलं बरं. फ्रिजमध्ये ठेवलं तर भात कडक होतो तसंच हेही घट्ट होतं, मग नेण्याआधी पाच मिनिटं वाफ द्यायची. तुपाऐवजी खोबरेल घातलं तर दूधदुभतं वर्ज्य करणाऱ्यांनाही चालतं. न्यू जर्सीतली माझी चुलतबहीण तिथल्या मंडळाच्या कार्यक्रमांना हेच झुकिनीचं करून नेते. झुकिनी भोपळ्याच्या गोतातली, त्यामुळे पोत जमतो, तवशाचा वास येत नाही. तिचा डबा रिकामाच परततो असं ती सांगते आणि मी ते मान्य करतो.

अडचण तवशाचीच आहे. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला गावठी काकड्यांचे ढीग दिसतात, पण त्या बहुतेक कोवळ्या विकल्या जातात, कारण गिऱ्हाईकाला कोवळीच हवी असते. वेल लवकर मोकळा झालेला शेतकऱ्यालाही परवडतो. पिकेपर्यंत राखलेलं तवसं आठवडी बाजारात एखाद्या म्हातारीच्या टोपलीत मिळालं तर मिळतं. फळ पिकूच दिलं नाही तर बीही राहत नाही, आणि बाजारातल्या संकरित काकडीचं बी पुढच्या वर्षी तसंच फळ देत नाही.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत कोकणात किंवा गोव्यात गेलात, आणि कोणाच्या आढ्याला तवसं टांगलेलं दिसलं, तर धोंडसासाठी गर मागा आणि पेरण्यासाठी बी. गाभ्यातलं बी धुऊन, राखेत घोळवून सावलीत वाळवायचं. पूर्वी ते राखेसकट भिंतीला थापून ठेवत. मृगाचा पाऊस पडला की ते पेरायचं. मोठ्या ड्रममध्ये, गच्चीच्या कठड्यावर दोरी बांधून दिली तरी वेल चढतो. त्यातलं एक तरी फळ कापायची घाई न करता वेलीवर पूर्ण पिकू द्या.