कॅमेऱ्यातला रंग संगणकावर का बदलतो?

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे मोरपंखी साड्यांची एक गाठ परत आली. ग्राहक जुना, व्यवहाराला चोख. त्याची तक्रार एवढीच की, फोटोत दाखविलेला रंग हा नव्हे. फोटो पुतण्याने काढले होते आणि आम्ही स्वतः साडी हातात धरून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर रंग ताडून पाहिला होता. तेथे तो बरोबर होता. मग बिघडला कोठे? चौकशीअंती जे समजले, ते फोटोवर माल विकणाऱ्या बांधवांच्या उपयोगाचे म्हणून येथे देत आहोत.

कॅमेरा फोटो दोन प्रकारे साठवतो. जेपेग म्हणजे रंगून, इस्त्री होऊन आलेला तागा. रॉ म्हणजे मागावरून उतरलेला कोरा तागा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या व निळ्या काचांची जाळी असते. कोडॅक कंपनीचे ब्राइस बायर यांनी तिचे पेटंट 1976 साली मिळविले. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक ठिपका एकाच रंगाचा उजेड मोजतो आणि रॉ फाइलमध्ये ही नुसती मोजमापे असतात. त्यातून मोरपंखी कसा बांधायचा, हे पुढे सॉफ्टवेअर ठरवते.

आता कॅमेऱ्यात आपण जी रंगाची पद्धत निवडतो (कॅनन तिला पिक्चर स्टाइल म्हणते, निकॉन पिक्चर कंट्रोल, फुजीफिल्म फिल्म सिम्युलेशन) ती जेपेगवर पक्की चढते. रॉ फाइलला मात्र तिची केवळ चिठ्ठी जोडली जाते. कॅमेरा काळ्या-पांढऱ्यावर ठेवून काढलेल्या रॉ फाइलमध्येही सगळे रंग शाबूत असतात, ते यामुळेच. एसआरजीबी की अ‍ॅडोबी आरजीबी, ही निवडसुद्धा जेपेगपुरतीच.

चिठ्ठी वाचायची की नाही, ही सॉफ्टवेअरची मर्जी. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा निकॉनचे एनएक्स स्टुडिओ ती वाचून कॅमेऱ्यासारखाच रंग देते, कारण कृती त्यांच्या घरचीच. दुसऱ्यांना ती कृती कंपन्या सांगत नाहीत. त्यामुळे अ‍ॅडोबीचे लाइटरूम आपले स्वतःचे शेडकार्ड लावते. 2018 पासून त्याचे नाव अ‍ॅडोबी कलर. पांढऱ्या रंगाचा समतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, तेवढा ते चिठ्ठीवरून घेते. कॅमेऱ्याच्या पद्धतींची नक्कल करणारी प्रोफाइलेही त्यात आहेत, आणि फेब्रुवारी 2020 पासून कॅमेऱ्यातली पद्धत आपोआप लावण्याची सोय झाली. पण ती आपण चालू करावी लागते, आणि सर्व कॅमेऱ्यांवर सारखी चालत नाही. नक्कल ती नक्कलच. डार्कटेबल हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर तर चिठ्ठीतल्या रंगाच्या पद्धतीकडे पाहतही नाही.

आम्ही फसलो ते असे. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनविलेले एक छोटे जेपेगही असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते ते हेच. लाइटरूममध्येही पहिला क्षणभर तेच दिसते आणि मग डोळ्यांदेखत रंग बदलतो. पुतण्याला वाटायचे, संगणक बिघडला. संगणक बिचारा आपले काम करीत होता. चिठ्ठी बाजूला पडली होती.

याचा अर्थ कॅमेऱ्याचा रंग तेवढा खरा, असे नव्हे. फुजीफिल्मची वेल्व्हिया पद्धत 1990 साली निघालेल्या भडक स्लाइड फिल्मच्या नावाची आहे. तिच्यात साधा हिरवाही झगमगतो. असा फोटो पाठविणे म्हणजे दिव्याखाली माल दाखविणे होय. आम्ही आता चोवीस रंगचौकोनांचे कार्ड आणले आहे. प्रत्येक बैठकीचा पहिला फोटो साडीशेजारी ते ठेवून, त्याच उजेडात काढतो. त्यावरून सॉफ्टवेअर आपल्या कॅमेऱ्याचे प्रोफाइल बनवते आणि त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना तेच लागते. उजेड बदलला की कार्ड पुन्हा. जेपेगही सोबत ठेवतो, म्हणजे फरक कोठे पडला हे दिसते.

लाल, पिवळे, बदामी याने पुष्कळ ताळ्यावर आले. मोरपंखी आणि फिरोजी मात्र अजून दगा देतात, कारण त्यांतल्या काही गडद छटा साध्या पडद्याला दाखवताच येत नाहीत. त्या मालाची बोटभर कातरण आम्ही फोटोच्या आधी कुरियरने पाठवतो.