राउटर सापडतो कसा?

नव्या नेटवर्कला जोडलेल्या लॅपटॉपला बाहेरचा रस्ता ठाऊक नसतो. इंटरनेटकडे जाणारं प्रत्येक पॅकेट राउटरच्या हाती द्यायचं, पण तो आहे कुठे? आयपीव्ही४ मध्ये हा पत्ता बहुधा डीएचसीपी सर्व्हर देतो. आयपीव्ही६ मध्ये राउटर स्वतःच ओळख देतो, आणि मला ही रचना फार सुंदर वाटते.

लॅपटॉप नेटवर्कवरच्या सगळ्या राउटरांना उद्देशून हाक मारतो. उत्तर नाही आलं, तर ४ सेकंदांच्या अंतराने, एकूण ३ वेळा. राउटर उत्तरात बहुतेकदा पत्त्याचा सुरुवातीचा भाग कळवतो. उरलेला जोडून लॅपटॉप आपला पत्ता तयार करतो. राउटर आपण होऊनही अधूनमधून ही घोषणा करत राहतो. तिला मुदत असते, साधारण ३० मिनिटं. तेवढ्यात नवी घोषणा आली नाही, तर राउटर यादीतून बाद.

घोषणेवर २५५ हा आकडा असावाच लागतो. पॅकेट पुढे पाठवणारा प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, म्हणून बाहेरून आलेली खोटी घोषणा लगेच उघडी पडते. आतल्याच यंत्राने तोतयेगिरी केली, तर मात्र ही युक्ती चालत नाही. राउटर नसलेल्या पोर्टवरून आलेल्या घोषणा अडवण्याची सोय अनेक स्विचमध्ये असते. कॉलेजांच्या, ऑफिसांच्या नेटवर्कमध्ये ती चालू हवीच.