नाव मागाहून, बंधन आधी

डोकमर्डीच्या रहिवाशाची नोंद म्हणजे संगणकाच्या परिभाषेत एक वस्तू. ‘गाव’, ‘प्रदेश’, ‘वय’ हे तिचे गुणधर्म. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव एकत्र आले. म्हणजे ‘प्रदेश’ बदलणे आले. कोणता गुणधर्म बदलावयाचा हे आज्ञावली चालू असताना ठरत असेल, तर त्याचे नाव अक्षरांत पुरवावे लागते. तेथे चुकून ‘परदेश’ पडले, तर जावास्क्रिप्ट निमूटपणे ‘परदेश’ हा नवाच गुणधर्म जोडते. जुना प्रदेश तसाच! टाइपस्क्रिप्टने डिसेंबर २०१६ मध्ये ‘कीऑफ’ दिले. त्यायोगे नाव त्या वस्तूच्या गुणधर्मांपैकीच असावे आणि मूल्य त्याच्याच प्रकाराचे, वयाला संख्याच, असे बंधन घालता येते. मात्र ही तपासणी आज्ञावली चालण्यापूर्वीची. चालू आज्ञावलीत प्रकार उरत नाहीत. अर्जातून आलेले नाव तेथे पुन्हा पडताळावेच लागते.